बिनतिकिटाचे रविवार

आमचे नाना रविवारी आम्हाला फिरायला न्यायचे, पण त्यांची एक अट असायची: दारावर तिकीट असेल तिथं जायचं नाही. ते अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होते. चाळीतल्या दीड खोलीत आम्ही सहा माणसं. शनिवारी रात्री आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवायची, फिरकीचा तांब्या भरायची आणि रविवारी उजाडलं की आम्ही निघायचो. खर्च झालाच तर लोकलचा, तोही एक-दोन स्टेशनांपुरता. नात्यातले लोक पाठीमागे नानांना ‘फुकट्या’ म्हणत. ते त्यांच्या कानावर जायचं. “फुकट ते पौष्टिक,” एवढंच म्हणून ते चपला घालायचे.

ही १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांची गोष्ट. मी अंधेरीतून लग्न होऊन मुलुंडला आले त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. मध्यंतरी नातीनं विचारलं, “आजी, मुंबईत फुकट बघण्यासारखं काय काय आहे गं?” शाळेचा प्रकल्प होता. गेटवे आणि मरीन ड्राइव्ह तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, जरा माहीमच्या खाडीच्या या बाजूला ये. मग दोघी कागद घेऊन बसलो आणि माझे सगळे रविवार एकेक करून वर आले.

उपनगरात बघण्यासारखं काय असणार, ही समजूत जुनी आहे. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला तो तर १ ऑक्टोबर १९९० ला. म्हणजे कागदावर आमचं वय कोवळंच. पण साष्टी बेटावरच्या दगडांना वय विचारलं तर हिशेब उलटा होतो. फोर्टातल्या सगळ्यात जुन्या इमारतीहून जोगेश्वरीचं लेणं हजार-बाराशे वर्षांनी थोरलं आहे.

नानांच्या यादीत पहिला होता गिल्बर्ट हिल. आमच्या चाळीत त्याला कोणी गिल्बर्ट म्हणत नसे, गावदेवीचा डोंगर म्हणत. अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजच्या मागे सुमारे २०० फूट उंचीचा काळा कडा सरळ उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याचे उभे खांब बनले, त्यातला हा उरलेला तुकडा. जगात असे खडक मोजकेच. अमेरिकेत वायोमिंगमध्ये ‘डेव्हिल्स टॉवर’ आहे, त्याला तिथल्या सरकारनं १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक केलं. आपल्या डोंगरालाही १९५२ मध्ये केंद्र सरकारनं संरक्षण जाहीर केलं होतं, तरी आजूबाजूचा खडक खाणीवाल्यांनी पोखरून नेला. २००७ मध्ये महापालिकेनं त्याला वारसा यादीत घेतलं, तोवर भोवती इमारती आणि झोपड्या कड्याला टेकल्या होत्या. आम्ही मुलं खडकातल्या पायऱ्या मोजत चढायचो आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा. वर देवीचं देऊळ, दोन झाडं आणि वारा. तिथून नाना आम्हाला स्वतःचा कारखाना दाखवायचे. रोज आत जाणाऱ्या माणसाला तो बाहेरून, तोही एवढा लहान दिसतोय, याची त्यांना मजा वाटत असावी.

दुसरं ठिकाण महाकालीची लेणी, अंधेरी पूर्वेला. जुनं नाव कोंदिवटे. एकोणीस-वीस लेणी, बौद्ध भिक्षूंची. कोरायला सुरुवात इसवी सनाच्या आसपास झाली आणि काम पुढं पाच-सहा शतकं चाललं. इथला दगड ठिसूळ, म्हणून कोरीव काम झिजलेलं. पण चैत्यात शिरलं की आत गोल भिंतीची एक झोपडीच दगडात कोरलेली दिसते, तिला जाळीच्या खिडक्या, आणि आत स्तूप. बिहारमधल्या बराबरच्या लेण्यांशी अभ्यासक या बांधणीचं नातं जोडतात. मला तेव्हा ती आमच्या कोकणातल्या खोपीसारखी वाटली होती. मी नानांना विचारलं, “एवढा डोंगर यांनी फुकट कोरून दिला?” नाना जरा थांबून म्हणाले, “फुकट कसा देतील? कोणीतरी पैसे भरले असतील.”

हे वाक्य पुढं बरीच वर्षं माझ्याबरोबर राहिलं.

जोगेश्वरीला जायचो ते अंधारासाठी. भर दुपारी लांबच लांब बोळातून आत जायचं, पायाखाली ओल, आणि मधल्या गाभाऱ्यात देवीपुढं एक दिवा. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी ते देशातलं सर्वांत आधीचं मोठं हिंदू लेणं मानलं, आणि लांबीच्या हिशेबानं सर्वांत मोठंही. घारापुरी त्यानंतरची. पण घारापुरीला बोट जाते, तिकीट लागतं, परदेशी पाहुणे येतात. जोगेश्वरीच्या लेण्याच्या डोक्यावर वस्ती बसली, सांडपाणी आत झिरपू लागलं आणि अतिक्रमणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. देवी मात्र नांदती राहिली. तिथं रोज दिवा लागतो, म्हणूनच आजही आत शिरायची वाट मोकळी आहे, असं माझं मत आहे.

आणि आरे कॉलनी. गोरेगावच्या या दुग्धवसाहतीचं उद्घाटन १९५१ मध्ये नेहरूंनी केलं. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवायचे, ही दारा खुरोडी यांची योजना. आमच्यासाठी आरे म्हणजे बाटलीतलं दूध आणि रविवारची सावली. आईला तिथं सगळ्यात जास्त आवडायचं. चाळीत तिला दिवसभरात बसायला जागा अशी नव्हती. आरेच्या झाडाखाली ती पाय पसरून बसायची आणि कोणी काही मागायचं नाही. वारली पाड्यातल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन जाताना तिच्याशी दोन शब्द बोलायच्या.

कान्हेरी नानांच्या यादीत नव्हती, कारण नॅशनल पार्कच्या दाराशी तिकीट. थोरल्या भावाला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात त्यानं आम्हाला नेलं. शंभराहून अधिक लेणी आणि बहुतेकींजवळ पाण्याचं टाकं. भिंतींवरची ब्राह्मी अक्षरं कुणालाच वाचता येईनात. ती काय सांगतात हे मला फार उशिरा, पुस्तकातून कळलं. तिथं दात्यांची नावं आहेत. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा, नाशिकचा, चौलचा. कुणी लेणं दिलं, कुणी ‘पोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं, कुणी ‘अक्षयनीवी’ म्हणजे मोडायची नाही अशी ठेव. तिच्या व्याजातून भिक्षूंना चीवरं मिळायची. अठराशे वर्षांपूर्वी पावसाळ्यात डोंगरावर आलेल्या माणसाला निवारा आणि पाणी फुकट मिळत होतं, कारण कल्याणच्या एका माणसानं ते आधीच भरून ठेवलं होतं. नानांचा अंदाज बरोबर निघाला.

अंधेरीतच या दानाचं आमच्या काळातलं रूप दर भाद्रपदात दिसायचं. आझादनगरचा ‘अंधेरीचा राजा’ १९६६ पासूनचा. परिसरातल्या कारखान्यांच्या कामगारांनी तो बसवला. सगळीकडचे गणपती अनंत चतुर्दशीला जातात, हा त्यापुढच्या संकष्टीला निघतो आणि रात्रभर मिरवत वर्सोव्याच्या समुद्रावर पोचतो. एका टाळेबंदीत कामगारांनी नवस केला होता, कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ही रीत पडली, असं जुनी माणसं सांगतात. देखावा बघायला तासन्‌तास रांग, पण तिकीट नाही. आम्ही दरवर्षी जायचो.

काका घाटकोपरला राहत, चिरागनगराजवळ. तिकडे गेलो की ते एका गल्लीकडे बोट दाखवायचे: अण्णा भाऊ साठे इथं राहायचे. ‘फकिरा’ लिहिणारा माणूस बरीच वर्षं याच झोपडपट्टीत राहिला आणि १८ जुलै १९६९ ला गेला. त्यांच्या लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रम काकांनी गिरणगावात रस्त्यावर उभं राहून ऐकले होते. डफावर थाप पडली की चाळीचे कठडे माणसांनी भरून जायचे, असं सांगताना ते स्वतःच्या मांडीवर ठेका धरायचे. ज्याला नाट्यगृहाची पायरी परवडत नाही त्याच्या दारात हे लोक नाट्यगृह घेऊन गेले होते. आज घाटकोपर म्हटलं की लोकांना खाऊगल्ली आठवते. मला काकांची मांडी आठवते.

थोरला भाऊ लग्नानंतर बोरिवलीला गेला आणि नानांचे रविवार तिकडे वळले. आयसी कॉलनीजवळचं मंडपेश्वर त्यांना फार आवडायचं. शैव लेणं, आत नटराज आणि शिवाचा विवाह. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथं चर्च केलं, आणि कोरीव भिंतीवर एक भला मोठा क्रूस कोरला गेला. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली आणि वरची इमारत ओस पडली. तिचे अवशेष अजून लेण्याच्या माथ्यावर उभे आहेत. एकाच दगडावर शंकरही आणि क्रूसही. पुढच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत असायची. चेंडू लेण्यात गेला की एखादा पोरगा दबकत आत जायचा, नमस्कार करायचा आणि चेंडू घेऊन पळत सुटायचा.

तिथून एक्सरला. गल्लीबोळांत विचारत विचारत गेलो की वीरगळ सापडतात. ब्रिटिशांच्या ठाणे गॅझेटियरनं १८८२ मध्ये अशा सहा दगडांची नोंद केली होती. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव आहेत, पण इथल्या दगडांवर जहाजं आहेत: वल्ह्यांच्या रांगा, डेकावर धनुर्धारी, वरच्या पट्टीत स्वर्गाला निघालेला वीर. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर झालेली ही लढाई, असं अनेक अभ्यासक मानतात. सोमेश्वर त्यात बुडाला. महाराष्ट्राच्या आरमाराचं इतकं जुनं चित्र बोरिवलीच्या वस्तीत उघड्यावर उभं आहे. दत्तपाड्याजवळची मागाठाण्याची बौद्ध लेणी मात्र आम्ही पाहिली तेव्हाच घरांनी गिळली होती. भिंत कुठली लेण्याची आणि कुठली खोलीची, कळत नव्हतं. फुकट जागेचं असंही होतं. तिला राखणदार नसतो.

लग्नानंतर मी मुलुंडला आले. या गावाचे रस्ते सरळ, काटकोनात भेटणारे. १९२० च्या दशकात इथल्या जमीनदारांनी वास्तुविशारदांकडून नगररचना करून घेतली, तिची ही देणगी. संध्याकाळी नुसतं या रस्त्यांवरून चालणं, हीसुद्धा करमणूक. महाराष्ट्र सेवा संघात व्याख्यानं असायची, वाचनालयात वर्तमानपत्रं. सासूबाईंना घेऊन मी व्याख्यानाला जायची. त्या अर्ध्यात डुलक्या काढायच्या आणि घरी येऊन सासऱ्यांना वक्त्याच्या चुका सांगायच्या. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. त्याचा आदर्श पूर्व-पश्चिम दोन्ही उपनगरांपुढं होता. डोंबिवलीनं १९९९ मध्ये पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, ती थोड्याच वर्षांत मुलुंडच्या रस्त्यांवरही आली. नऊवारी नेसून चालायला तिकीट नाही आणि बघायलाही नाही.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आले ते १९९० च्या दशकात. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरू लागले. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यानं पहाटे गेलं की ओहोटीला चिखलावर गुलाबी रेघ दिसायची. निवृत्त झालेल्या नानांना मी एकदा नेलं. बराच वेळ ते बोलले नाहीत, मग म्हणाले, “आणि हे कच्छातून येतात? बिनतिकीट?” २०१५ मध्ये खाडीचा हा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर पाणथळ जागांच्या यादीत गेला.

२००० नंतर एलबीएस मार्गावर मॉल आले आणि ‘फुकट’ची व्याख्याच बदलली. मे महिन्यात अख्खी कुटुंबं थंड हवा खायला जाऊ लागली. आम्हीही गेलो. सरकत्या जिन्यावर सासूबाईंना चढवणं हा स्वतंत्र कार्यक्रम होता. पण तिथं बसायला बाकडं सापडेना. बसायचं तर काहीतरी विकत घ्यायला हवं. मला आरेच्या झाडाखाली पाय पसरलेली आई आठवली.

त्याच दशकाच्या अखेरीस, फेब्रुवारी २००९ मध्ये गोराईला विपश्यना पॅगोडा खुला झाला. ३२५ फूट उंची, घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकदम ध्यानाला बसू शकतील एवढा सभामंडप. दगडात दगड अडकवून तो घुमट उभा केला आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. खर्च होतो तो खाडी ओलांडणाऱ्या बोटीचा. सत्यनारायण गोएंका यांनी हे सगळं दानावर उभं केलं. कान्हेरीच्या डोंगराच्या दिशेला तोंड करून मी तिथं उभी राहिले तेव्हा पोढी देणारा तो कल्याणचा व्यापारी आठवला. मधली सगळी शतकं गळून पडल्यासारखी वाटली.

८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. माझं माहेर आणि काकांचं घर एका रेषेत आलं. तिला तिकीट आहेच, पण खिडकीतलं दृश्य वर फुकट. जानेवारी २०१८ मध्ये ‘चल रंग दे’ मोहिमेत असल्फ्याच्या टेकडीवरची घरं रंगवली गेली, आणि ज्या वस्तीकडे कुणी मान वळवत नव्हतं तिचे फोटो मेट्रोतून निघू लागले. रंगानं गळकं छप्पर थांबत नाही, ही टीकाही झाली आणि ती रास्त होती.

वर्सोव्याचा किनारा मी लहानपणी स्वच्छ पाहिला आणि पुढं प्लास्टिकच्या थरांनी भरलेलाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलानं एका वयस्कर शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. दर शनिवार-रविवार माणसं वाढत गेली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. हे वाचलं त्या दिवशी मी नानांच्या फोटोला उगाचच सांगितलं.

सगळं असं गोड नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन रात्रींत दोन हजारांहून अधिक झाडं गेली. अडवायला गेलेली पोरं कोठडीत. २०२० मध्ये कोरोनामुळे बागा, किनारे, देवळं, लेणी सगळंच बंद झालं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की या जागा म्हणजे आपल्या घराची राहिलेली खोली होती. दीड खोलीत राहणाऱ्याला ती नसली तर श्वास कोंडतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या लक्ष्मीनगरात उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. तीसहून अधिक पक्षी इमारतींमध्ये आणि रस्त्यावर पडले. नातीनं तो फोटो पाहिला आणि यादीतलं ‘फ्लेमिंगो’ बराच वेळ खोडावं की ठेवावं असा विचार करत बसली. ठेवलं.

नाना गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना एक जुनं पाकीट मिळालं होतं. आत पावत्या होत्या. गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, गावदेवीचा जीर्णोद्धार, पुन्हा मंडळ. दोन रुपये, पाच रुपये, एका वर्षी अकरा. वर्ष चुकलेलं नाही, संप झाला त्या वर्षाचीसुद्धा पावती आहे. तिकिटाला नकार देणारा हा माणूस वर्गणीला कधी नाही म्हणाला नव्हता. तिकीट काढणारा बघून निघून जातो, वर्गणी देणारा पुढच्या वर्षी परत येतो, एवढा फरक त्यांना बहुधा कळला होता. कल्याणच्या व्यापाऱ्याला कळला होता, आणि वर्सोव्यात वाळूतलं प्लास्टिक उपसणाऱ्यांनाही. त्यांची वर्गणी घामाची.

नातीच्या यादीत शेवटी अकरा जागा झाल्या. बाईंनी शेरा मारला: ‘छान, पण भेट दिल्याचे फोटो जोड.’ म्हणून या रविवारी आम्ही मंडपेश्वरला निघालो आहोत. तुम्हीही या. डबा घरून आणा, चालायच्या चपला घाला आणि एक रिकामी पिशवी जवळ ठेवा. परतताना तिथला थोडा कचरा तिच्यात भरून न्या. वर्गणी जमा झाली असं समजा. पावती मिळणार नाही.